चित्रपटांची वारी

वर्षांतून एकदां तरी पंढरीस जाऊन यावें असा नेम ज्या घरांत आहे, त्या घरांतून वर्षांतून एकदां पणजीस चित्रपट पाहावयास जाणारा मनुष्य निघाला म्हणजे वडील मंडळींस तें सहसा रुचत नाहीं. आमच्या नवी मुंबईंत असे लोक आतां पुष्कळ दिसूं लागले आहेत. वर्षारंभीं पुणें, नोव्हेंबरांत पणजी, डिसेंबरांत रजा व हिंमत शिल्लक असल्यास थेट तिरुवनंतपुरम्, आणि मधल्या काळांत मुंबईस जें कांहीं होईल तें, असें ह्यांचें पंचांग असतें. आम्हीही त्यांपैकींच असल्यामुळें २०२५ सालच्या वारीची हकीकत ह्या महिन्याच्या पानांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हकीकत सांगण्यास निमित्त झालें तें आमच्या वडील बंधूंच्या एका प्रश्नाचें. प्रश्न एकच, परंतु त्याचे भाग तीन. "अरे, जें घरच्या भिंतीवरील पडद्यावर हवें तेव्हां दिसतें, त्यासाठीं रजा कां घालवावीस? पैसा कां मोडावास? आणि मागें घरांतल्या बायकांवर तुझ्या वांट्याचीं कामें कां टाकावींस?" पहिल्या दोन भागांस आमच्याजवळ उत्तरें तयार होतीं. तिसऱ्यास नुसत्या तोंडानें उत्तर देऊन भागण्यासारखें नव्हतें.

आधीं पहिल्याचें पाहूं. चित्रपटाची विद्या महाराष्ट्रांत रुजली तीच मुळीं कोणी तरी उठून घराबाहेर गेल्यामुळें. दादासाहेब फाळके ह्यांनीं गिरगांवांतील एका चित्रगृहांत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि मग पत्नी सरस्वतीबाई ह्यांनाही तो दाखवावयास नेलें, ही गोष्ट १९१०-११ च्या सुमाराची. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनःचक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले, असें फाळक्यांनीं पुढें सांगितलें आहे. त्यानंतर विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ सालीं लंडनास गेले, तेथील कारखाने पाहिले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतल्याच कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांस दिसला. १९१४ सालीं ते आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हां लंडनास गेले. चित्रपट-महोत्सव ही वस्तु त्या वेळीं निघालेली नव्हती. परंतु दूर देशीं जाऊन दुसऱ्याचे चित्रपट पाहणें आणि आपले दाखविणें, ह्यापलीकडे महोत्सव म्हणजे तरी आणखी काय असतें?

ह्या कथेंतील सरस्वतीबाईंचा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. त्यांनीं आपले दागिने काढून दिले, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोऱ्या फिल्मेला अंधारांत बसून भोकें पाडणें, चित्रण चालू असतां पांढरी चादर धरून भर उन्हांत उभें राहणें, आणि साऱ्या नटमंडळींचा स्वयंपाक करणें, हीं कामेंही त्यांचींच. घरांतील एकाच्या छंदाची किंमत दुसरीनें मोजावी ही रीत आमच्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे म्हणावयाची! मात्र एक फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. सरस्वतीबाईंवर तें ओझें पडण्यापूर्वीं, तो पडदा काय चीज आहे हें त्यांना नेऊन दाखविलेलें होतें.

पुढें कांहीं दशकें चित्रपटच लोकांकडे चालत येत असे. स्वतः फाळके यंत्र बैलगाडींत घालून गांवोगांव हिंडले. मागून तंबूंतले सिनेमे जत्रांबरोबर फिरूं लागले, आणि आमच्या पिढींतील पुष्कळांनीं पहिला चित्रपट पाहिला तो अशा तंबूंत, जमिनीवर मांडी घालून, पडद्याच्या कोणत्या बाजूस बसलों ह्याचीही फारशी पर्वा न करतां. ह्या फिरत्या सिनेमांच्या उतरत्या दिवसांवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया ह्यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ सालीं फ्रान्समधील कान येथें दाखविला गेला व तेथें त्याचा गौरवही झाला. जत्रेंतला तंबू कान येथें पोहोंचला, परंतु जत्रेंतून तो उठत चालला आहे. तेव्हां आतां लोकांनींच चित्रपटाकडे जाण्याची पाळी आली, ह्यांत नवल नाहीं.

कोणी म्हणेल, फाळके कर्ते पुरुष होते. नुसत्या पाहणाऱ्यांच्या जाण्यायेण्यानें काय होतें? त्यास १९५२ सालची एक गोष्ट सांगतों. भारतांतील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव त्या वर्षीं २४ जानेवारीस मुंबईंत सुरू झाला, आणि मग मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथेंही नेण्यांत आला. त्यांत 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट होता. सायकल चोरीस गेली म्हणून बाप आणि लहान मुलगा दिवसभर शहर पालथें घालतात, एवढीच त्याची कथा. बिमल रॉय ह्यांनीं तो पाहिला. आणि १९५३ सालीं त्यांचा 'दो बिघा जमीन' आला, ज्याला पुढील वर्षीं कान येथें बक्षीस मिळालें. तेंच इटालियन चित्र पाहिलेले बाकीचे शेंकडों लोक कारकून होते, शिक्षक होते, दुकानदार होते. त्यांच्या घरीं त्या रात्रीं जेवतांना काय बोलणीं झालीं तें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. आम्हांस विचाराल तर महोत्सवाची खरी कमाई त्या बोलण्यांत असते.

पैशाच्या प्रश्नास फार शब्द खर्चण्याचें कारण नाहीं. एका घरगुती डोहाळजेवणास जो खर्च येतो त्यांत पणजीची वारी होते. मुक्काम मात्र साधा हवा.

आतां प्रत्यक्ष वर्षाकडे वळतों. पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव बहुधा जानेवारींत भरतो. २०२५ सालीं तो फेब्रुवारींत गेला. वाशीहून पुणें म्हणजे सकाळीं निघून दुपारच्या खेळास पोहोंचण्याइतकें जवळ. परंतु चित्रपटाच्या मनुष्यास पुण्यांत खरें तीर्थ लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. जेथें प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता त्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली, आणि जवळच १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर ह्या गृहस्थांनीं गांवोगांव हिंडून, घरांच्या माळ्यांवरून व भंगारवाल्यांकडून डबे गोळा करून, तें उभें केलें. फाळक्यांच्या चित्रपटांचा जो थोडा भाग आज आपणांस पाहावयास मिळतो तो ह्या खटाटोपामुळें. महोत्सवांतील उत्तम परदेशी चित्रपटाच्या बक्षिसास 'प्रभात' व उत्तम मराठी चित्रपटाच्या बक्षिसास 'संत तुकाराम' हीं नांवें दिलीं आहेत, हें पुण्यास शोभतें. प्रभातच्या 'संत तुकारामा'चा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला होता, हें जुन्या वाचकांस सांगावयास नकोच.

पुण्याच्या रांगेंतील गंमत निराळी. निवृत्त प्राध्यापक, डबा बांधून आलेल्या गृहिणी, आणि रात्रभर न झोंपलेले विद्यार्थी एकाच रांगेंत उभे असतात, आणि कोणत्या देशाचा कोणता चित्रपट 'सोडूं नये' ह्यावर दिवाळीच्या फराळाइतक्या चवीनें वाद चालतात. एकच जात आम्हांस सहन होत नाहीं. ही मंडळी दिवसाला पांच चित्रपट पाहतात व सायंकाळीं आंकडा सांगतात. तिसऱ्या चित्रपटांतील आई चौथ्यांतल्या मुलास हांक मारते अशी ज्याच्या डोक्यांत खिचडी झाली, त्यानें काय पाहिलें? दिवसाला दोन, फार तर तीन. मग चहा आणि पायीं फिरणें.

मुंबईचा मोठा महोत्सव २०२५ सालीं भरलाच नाहीं, त्यामुळें तो मधला पाडाव चुकला. प्रभात चित्र मंडळासारखी १९६८ पासूनची फिल्म सोसायटी मुंबईंत आहे म्हणून बरें. नाहीं तर खाडीपलीकडच्या आम्हां लोकांस पावसाळाभर उपासच घडला असता.

परंतु ह्या वर्षीं जे दोन चित्रपट आमच्या घरांत शिरले ते मराठी होते, आणि त्यांसाठीं कोठें लांबही जावें लागलें नाहीं. येथें थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' ला २०१४ सालीं व्हेनिस येथें बक्षिसें मिळालीं, २०२० सालीं त्यांच्याच 'द डिसायपल' ला तेथें पटकथेचें बक्षीस मिळालें, आणि प्रत्येक वेळीं आपण सर्वांनीं अभिमानानें मान डोलाविली. तिकीट मात्र आपल्यापैकीं किती जणांनीं काढलें? मल्टिप्लेक्सांनीं सायंकाळच्या मोक्याच्या वेळीं मराठी चित्रपट लावावा असें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं जाहीर केलें. त्यावर वादही पुष्कळ झाला. पण रिकाम्या खुर्च्यांपुढें कोणताही हुकूम फार दिवस टिकत नाहीं. अभिमान परदेशी बक्षिसाचा आणि तिकीट हिंदीचें, हा व्यवहार मराठी घरांस शोभत नाहीं.

पहिला चित्रपट जयंत दिगंबर सोमलकर ह्यांचा 'स्थळ'. २०२३ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें त्याला आशियाई चित्रपटांसाठींचें बक्षीस मिळालें, आणि ७ मार्च २०२५ रोजीं तो आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव हें दिग्दर्शकाचें स्वतःचें गांव; तेथेंच, गांवचींच माणसें घेऊन तो केलेला आहे. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता. तिला शिकावयाचें आहे, स्पर्धापरीक्षा द्यावयाची आहे. घरच्यांस तिचें लग्न उरकावयाचें आहे. पाहुणे येतात, तिला बसवितात, नांव, शिक्षण, उंची विचारतात, आणि निघून जातात. पुन्हां दुसरे येतात; पुन्हां तेंच. आरंभींच एक प्रसंग असा कीं मुली ऐटीनें बसल्या आहेत आणि मुलगा मान खालीं घालून उत्तरें देतो आहे. प्रेक्षक हंसतात, आणि तें स्वप्न होतें असें कळतांच हंसणें घशांत अडकतें.

दुपारचा खेळ. आमच्या घरचीं आम्ही पांच माणसें आणि इतर सात-आठ, एवढाच प्रेक्षकवर्ग. बाहेर आल्यावर आमच्या आत्या, वय वर्षें एकोणऐंशी, बाकावर टेंकल्या आणि म्हणाल्या, "मला चौदा ठिकाणीं दाखवली होती." घरांत हें कोणालाही ठाऊक नव्हतें. मग एकेक निघूं लागलें: पाय अधू नाहीं हें दिसावें म्हणून खोलींतून चालून दाखविणें, नजर धड आहे हें कळावें म्हणून सुईंत दोरा ओवून दाखविणें, आणि एका ठिकाणीं तर वेणी सोडून केंस मोजून दाखविणें. त्या हें रडून सांगत नव्हत्या. किराणामालाचा हिशेब सांगावा तशा सांगत होत्या. आमच्या पुतणीनें विचारलें, "आत्याआजी, तुम्ही त्यांना कांहीं विचारलंत का?" त्यावर त्यांनीं तिच्याकडे अशा कांहीं नजरेनें पाहिलें कीं ती गप्पच झाली.

वाचकांस वाटेल, हें शंभर वेळां वाचलेलें आहे. खरें आहे, ह्या विषयावर नाटकें, कादंबऱ्या, अग्रलेख ह्यांची कमतरता कधींच नव्हती. तरी पांच माणसें एका ओळींत अंधारांत बसून तेंच दोन तास पाहतात तेव्हां निराळें कांहीं घडतें. घरच्या पडद्यावर तोच चित्रपट असता तर पहिल्या अर्ध्या तासांत कुकर झाला असता, दाराची घंटा वाजली असती, आणि आत्या आपल्या खोलींत गेल्या असत्या. बंधूंच्या पहिल्या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हांस येथें सांपडलें. फाळके व बिमल रॉय ह्यांच्यापेक्षां तें घरांत जास्त पटलें. एप्रिलांत पुतणीस पाहावयास एक मंडळी आली. वहिनींनीं पोहे केले, परंतु बसण्याची मांडणी बदलली: मुलगा व मुलगी समोरासमोर, आणि प्रश्नांची पाळी दोघांची. पाहुण्यांना तें फारसें मानवलें नाहीं असें आमच्या नजरेस आलें. पुढें कांहीं ठरलेलें नाहीं.

दुसरा चित्रपट रोहन परशुराम कानवडे ह्यांचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत त्याला परदेशी कथाचित्रांच्या विभागांतील सर्वोच्च बक्षीस मिळालें; तो मान मराठी चित्रपटास प्रथमच लाभला. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे आला. वडील वारले म्हणून मुंबईंत राहणारा मुलगा आईबरोबर गांवीं जातो आणि सुतकाचे दहा दिवस तेथें काढतो. काय खावें, कोठें निजावें, पायांत काय घालूं नये, हे सारे नियम; आणि त्याबरोबर नातलगांचा एकच धोशा, 'आतां लग्न कर.' मुलाचें मन बायकांकडे नाहीं; गांवांतील एका शेतकरी मित्राशीं त्याचें प्रेम आहे, आणि आईला मुलाचा स्वभाव ठाऊक आहे. ह्या चित्रपटावर आमच्या घरीं एकमत झालें नाहीं, आणि तें लपविण्याचें कारणही दिसत नाहीं. बंधूंस विषय मानवला नाहीं. परंतु सुतकांतल्या घराचें चित्र इतकें बिनचूक त्यांनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें असें त्यांनींच कबूल केलें. वहिनी म्हणाल्या, "त्या आईसारखं मला वागतां येईल कीं नाहीं, कोण जाणे." आमचें स्वतःचें मत असें कीं, ह्या चित्रपटांत कोणीही कोणावर ओरडत नाहीं, हेंच त्याचें मोठें बळ आहे.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे येतों. २००४ सालापासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव पणजीस भरतो. २०२५ सालीं तो २० ते २८ नोव्हेंबर असा होता. ह्या खेपेस आमच्याबरोबर वहिनी आणि आत्या आल्या, आणि घर बंधूंनीं व दोघां मुलांनीं सांभाळलें. पांच दिवसांत त्यांनीं तीन वेळां दूरध्वनी करून डाळीला किती पाणी घालावें तें विचारलें. चौथ्या वेळेस वहिनींनीं फोन घेतला नाहीं. चित्रपट चालू होता.

कोकण रेल्वेचें मुख्य कार्यालयच आमच्या बेलापुरांत, तेव्हां ती गाडी आम्हांस घरची वाटते. सकाळीं पनवेलीस मांडवी एक्स्प्रेसमध्यें बसलें कीं वाटेंत चिपळूण, रत्नागिरी घेत सायंकाळीं करमळीस उतरतां येतें. तेथून पणजी हाकेच्या अंतरावर. महोत्सवाचा सारा गलबला मांडवीच्या कांठीं, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीपाशीं असतो, आणि त्याच आवारांत चित्रगृहें आहेत. नटनट्यांच्या स्वागताचा जो थाट तेथें चालतो, त्याकडे पाठ करून सरळ रांगेंत जावें.

उद्घाटनाचा चित्रपट ब्राझील देशाचा होता. गाब्रियेल मास्कारो ह्यांचा 'द ब्लू ट्रेल'. सरकारनें म्हाताऱ्या माणसांस एका दूरच्या वसाहतींत पाठविण्याचा कायदा केला आहे, कां तर तरुणांच्या कामांत त्यांची अडचण नको. सत्याहत्तर वर्षांची तेरेसा हिला त्यापूर्वीं एकदां विमानांत बसावयाचें आहे. तिकिटासाठींही तिला मुलीची परवानगी लागते. ती न मिळाल्यावर ती अॅमेझॉन नदींतून होडीनें निघते. आमच्या आत्या परदेशी चित्रपट पाहतांना एरवीं डुलक्या घेतात. ह्या वेळीं त्यांनीं पाण्याची बाटलीसुद्धां मागितली नाहीं. बाहेर आल्यावर त्या मांडवीकडे पाहत बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या काय, तर भूक लागली आहे आणि येथें चांगला भात कोठें मिळेल.

ज्या वाचकांस पुढील वर्षीं जावयाचें असेल त्यांच्यासाठीं कांहीं उपयोगाच्या सूचना देतों. महोत्सवाच्या प्रतिनिधीची नोंदणी संगणकावरून आधीं करावी लागते, आणि प्रत्येक चित्रपटाची जागा आगाऊ मोबाइलवर राखावी लागते. हें काम घरांतील तरुणांकडे द्यावें, तीं तें चुटकीसरशीं करतात. आगगाडीचें आरक्षण आतां साठ दिवस आधीं खुलें होतें, म्हणून २० नोव्हेंबरास पोहोंचावयाचें तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत सकाळीं तयार राहावें. चित्रगृहांत थंडी फार असते. वृद्धांसाठीं शाल अवश्य न्यावी. घरांतून जाणारीं माणसें दर वर्षीं तींच नसावींत, पाळी लावावी, आणि मागें राहणाऱ्यांस डाळीचें प्रमाण कागदावर लिहून द्यावें. आमच्या घरची पुढील पाळी बंधूंची व पुतणीची ठरली आहे. आत्यांनीं मात्र आपलें नांव पुन्हां घालावयास सांगितलें असून, उलव्याच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानें सुटूं लागलीं हें कळल्यापासून, गोव्याचें भाडें काय पडतें ह्याची चौकशी त्या आमच्याकडे दर दोन दिवसांनीं करीत आहेत.